“आठ देता का?”: आरोग्यस्थितीचं मोल आकड्यात कसं मांडायचं

“अशी दुखणी घेऊन दहा वर्षं जगायची, की सातच वर्षं, पण ठणठणीत?”

अनोळखी माणसासमोर बसून हा प्रश्न विचारणं माझ्या कामाचाच भाग आहे. पहिल्यांदा विचारला तेव्हा माझीच जीभ अडखळली होती. समोरच्या काकूंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि म्हणाल्या, “सात म्हणजे फारच कमी होतात गं. आठ देता का?” मी काही वर्षं वाटायला बसले नव्हते. पण काकू घासाघीस करत होत्या आणि त्या घासाघिशीतूनच आकडा निघणार होता. आठ वर्षांवर त्या थांबल्या. आठ भागिले दहा, म्हणजे ०.८. समोरच्या कार्डावर लिहिलेल्या दुखण्याचं त्यांच्या लेखी मोल एवढं.

आरोग्य अर्थशास्त्रातल्या बऱ्याच मोठमोठ्या हिशोबांच्या तळाशी असले छोटे सौदे असतात. हा लेख मी दोन प्रकारच्या वाचकांसाठी लिहिते आहे. काहींच्या अभ्यासात ‘जीवनाची गुणवत्ता’ नावाचा रकाना आहे आणि त्याचं काय करायचं ते कळत नाही. काहींना अशा मुलाखती स्वतःच घ्यायच्या आहेत. माझा एकच आग्रह आहे: हा आकडा माणसाच्या डोक्यात आधीपासून तयार बसलेला नसतो, तो विचारता विचारता घडतो. म्हणून खाली सांख्यिकीपेक्षा विचारण्याच्या पद्धतीला जास्त जागा दिली आहे.

आकडा लागतो कशाला

एक औषध आयुष्य दोन वर्षांनी वाढवतं. दुसरं आयुष्य तेवढंच ठेवतं, पण वेदना घालवतं. पैसे एकासाठीच आहेत. दोघांची तुलना करायची तर वर्षं आणि वेदना एका मापात आणावी लागतात. त्यासाठी ठरवलेली पट्टी साधी आहे: पूर्ण आरोग्य म्हणजे १, मृत्यू म्हणजे ०, आणि मृत्यूपेक्षा वाईट वाटणाऱ्या स्थितीला शून्याखालचा आकडा. ०.७ मोलाच्या स्थितीत काढलेली १० वर्षं म्हणजे ७ ‘क्वाली’, अर्थात गुणवत्तेनं तोललेली ७ वर्षं.

हर्बर्ट क्लारमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ साली मूत्रपिंडाच्या आजारावरच्या उपचारांचा असा हिशोब मांडला. त्यात प्रत्यारोपणानंतरचं एक वर्ष डायलिसिसवरच्या वर्षापेक्षा २५ टक्क्यांनी मोलाचं धरलं होतं. दिशा बरोबर होती, पण तो २५ चा आकडा लोकांना विचारून काढलेला नव्हता, गृहीत धरलेला होता. पुढे १९७२ मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातले जॉर्ज टोरन्स आणि डेव्हिड सॅकेट यांनी वॉरन थॉमस यांच्यासोबत थेट लोकांना विचारायची रीत मांडली. काकूंशी मी केला तो सौदा, म्हणजे ‘टाइम ट्रेड-ऑफ’, तिथूनच आला.

पायरी १: तयार मूल्यं वापरायची की नवी काढायची, ते आधी ठरवा

दहातल्या नऊ जणांना नवी मूल्यं काढायची गरजच नसते. माझ्याकडे येणारे निम्मे विद्यार्थी मुलाखतींचा आराखडा घेऊन येतात आणि तयार मूल्यसंच, म्हणजे प्रत्येक स्थितीचं मोल देणारं कोष्टक, कसा वापरायचा ते शिकून परत जातात.

सगळ्यात जास्त वापरात असलेलं साधन म्हणजे ईक्यू-५डी ही प्रश्नावली. १९८७ साली एकत्र आलेल्या युरोक्वॉल गटानं ते तयार केलं. त्यात पाच बाबी आहेत: हालचाल, स्वतःची काळजी, नेहमीची कामं, वेदना किंवा अस्वस्थता, आणि चिंता किंवा नैराश्य. जुन्या ३एल आवृत्तीत प्रत्येक बाबीचे तीन स्तर आहेत, म्हणजे २४३ स्थिती. नव्या ५एल मध्ये पाच स्तर, म्हणजे ३,१२५ स्थिती. रुग्ण पाच खुणा करतो आणि त्यातून पाच अंकी सांकेतिक क्रमांक तयार होतो. १११११ म्हणजे कुठेच त्रास नाही. (पाचच अंक असतात. नोंदी करताना एक अंक जास्त किंवा कमी पडण्याची चूक इतकी नेहमीची आहे की मी ती तपासणी सगळ्यात आधी करते.)

आता प्रत्यक्ष हिशोब करू. १९९३ मध्ये यॉर्क विद्यापीठाच्या गटानं ब्रिटनमधल्या सुमारे ३,४०० लोकांच्या मुलाखती घेतल्या आणि पॉल डोलन यांनी १९९७ साली त्यांवरून ३एल चा मूल्यसंच प्रसिद्ध केला. समजा रुग्णाचा क्रमांक २१२२१ आहे. म्हणजे चालताना थोडा त्रास, स्वतःचं सगळं स्वतः करता येतं, रोजच्या कामात थोडी अडचण, वेदना मध्यम, मनावर ताण नाही. १ पासून सुरुवात करायची. कुठेही त्रास असेल तर आधी ०.०८१ वजा. हालचालीचे ०.०६९, कामांचे ०.०३६, वेदनेचे ०.१२३. उरले ०.६९१.

याच माणसाची वेदना मध्यमवरून तीव्र झाली आणि थोडी चिंताही सुरू झाली, तर क्रमांक २१२३२. आता वेदनेचे ०.३८६ जातात, चिंतेचे ०.०७१ जातात आणि एखादी तरी बाब तिसऱ्या स्तरावर गेली म्हणून आणखी ०.२६९ जातात. उरतात ०.०८८. दोन खुणा एकेक घर सरकल्या आणि आकडा पार तळाला पोचला. तिसऱ्या स्तराचा हा ०.२६९ चा धक्का अनेकांना खटकतो, मलाही खटकतो. पण मूल्यसंच म्हणजे उत्तरांना घातलेली एक चौकट असते, आणि कुठल्याही चौकटीला कोपरे असतातच. सगळ्यात वाईट ३३३३३ ला या संचात −०.५९४ मिळतात.

तयार संच वापरताना तीन चुका मी वारंवार पाहते.

पहिली, ३एल चा संच ५एल च्या उत्तरांना लावणं. ५एल मधला ३ म्हणजे मध्यम त्रास आणि ३एल मधला ३ म्हणजे टोकाचा त्रास. आकडा सारखा दिसतो म्हणून अर्थ सारखा होत नाही. ५एल ची उत्तरं ३एल च्या मूल्यांवर न्यायची तर २०१२ साली प्रसिद्ध झालेला ‘क्रॉसवॉक’ आहे, तो वापरा.

दुसरी, पाच अंकांची बेरीज करून तिलाच मोल म्हणणं. २ आणि २ मिळून ४, आणि १ आणि ३ मिळूनही ४, पण लोकांच्या लेखी ते एक नाही. वरच्याच संचात ११२२१ ला ०.७६ मिळतात आणि ११११३ ला जेमतेम ०.४१४. बेरीज दोन्हींची ७.

तिसरी, प्रश्नावलीच्या शेवटी असलेल्या ० ते १०० च्या उभ्या पट्टीवरची खूण शंभरानं भागून क्वालीत घालणं. त्या पट्टीवर रुग्ण स्वतःच्या आजच्या तब्येतीला गुण देतो. त्यात त्यागाचा प्रश्नच नसतो, शिवाय पट्टीच्या तळाशी मृत्यू नसतो. ‘कल्पनेतली सर्वांत वाईट तब्येत’ असते.

आणखी एक सूचना: प्रश्नावलीचं भाषांतर घरी करू नका. युरोक्वॉलकडे नोंदणी करून अधिकृत भाषांतर मागवता येतं. ‘मध्यम’, ‘बरीच’ आणि ‘तीव्र’ यांमधलं अंतर भाषांतरात सरकलं की मूल्यसंचाशी असलेली नाळच तुटते.

पायरी २: स्थितीचं वर्णन लिहा

तयार साधनात न मावणारी स्थिती असेल, उदाहरणार्थ एखाद्या दुर्मिळ आजाराचा झटका किंवा उपचाराचा विचित्र दुष्परिणाम, तर वर्णन स्वतःच लिहावं लागतं. इथे लेखणीवर लगाम हवा.

आजाराचं नाव घालू नका. कर्करोग हा शब्द आला की माणूस कार्ड वाचायचं सोडून त्या शब्दाला उत्तर देतो. विशेषणं काढा. ‘असह्य’, ‘त्रासदायक’, ‘बिचारा’ हे शब्द म्हणजे तुम्हीच दिलेलं उत्तर. त्याऐवजी काय होतं ते लिहा: ‘जिना चढताना दोनदा थांबावं लागतं’, ‘रात्री दोन-तीन वेळा वेदनेनं जाग येते’. एका कार्डावर पाच ते सात ओळींच्या वर जाऊ नका, कारण त्यापुढचं वाचलं जातं पण मनात राहत नाही. आणि स्थिती किती काळ चालणार ते सांगायलाच हवं. सहा आठवड्यांची मळमळ आणि दहा वर्षांची मळमळ यांची दर दिवसाची किंमत सारखी नसते.

लिहून झालं की त्या आजाराचे दोन-तीन रुग्ण आणि एखादी परिचारिका यांना वाचून दाखवा. डॉक्टरांनाही दाखवा, पण शेवटी. रुग्ण काय म्हणतो ते डॉक्टर नेहमी ऐकतातच असं नाही, हे माझं मत, वाद घालायला मी तयार आहे.

पायरी ३: विचारायचं कोणाला

इथे या विषयातलं सगळ्यात जुनं भांडण आहे. आजार ज्याला झालाय त्याला विचारायचं, की ज्याला झालेला नाही अशा सामान्य माणसाला?

रुग्णाला विचारलं तर आकडा बहुधा वर येतो. माणूस रुळतो. पायातली ताकद गेली की तो दिवसाची घडी नव्यानं बसवतो, नवे छंद लावून घेतो, अपेक्षा सरकवतो. बाहेरच्या माणसाला फक्त तो क्षण दिसतो जेव्हा पाय गेले. त्याला उरलेले तेवीस तास दिसत नाहीत. मग खरा जाणकार रुग्णच, असं वाटणं साहजिक आहे. पण याची दुसरी बाजूही आहे. रुग्ण जितका छान रुळेल तितका त्याच्या उपचाराचा हिशोबातला फायदा कमी दिसेल. सोसण्याची शिक्षा मिळाल्यासारखंच ते. शिवाय खर्च सार्वजनिक पैशातून होणार असेल तर पैसे देणाऱ्यांची पसंती मोजावी, असा युक्तिवाद आहे. अमेरिकेत खर्च-परिणामकारकतेवर नेमलेल्या तज्ज्ञ मंडळानंही १९९६ साली समाजाच्या पसंतीच्या बाजूनं कौल दिला होता. बहुतेक मूल्यसंच आज सामान्य नागरिकांच्या उत्तरांवरच उभे आहेत.

डोलन यांनी पुढे जाऊन या सगळ्यावरच प्रश्न उभा केला. मानसशास्त्रज्ञ डॅनिएल काहनमन यांच्यासोबत २००८ मध्ये त्यांनी मांडलं की माणूस स्थितीची कल्पना करताना ज्याकडे लक्ष जातं त्यालाच वजन देतो आणि रोजच्या जगण्यात लक्ष दुसरीकडे असतं. चालता न येणं कल्पनेत भयंकर दिसतं, पण चालता न येणाऱ्याचं लक्ष दिवसभर पायांवर नसतं. नैराश्याचं उलट आहे. कल्पनेत ते सौम्य वाटतं, पण प्रत्यक्षात प्रत्येक क्षणात घुसतं. म्हणून कल्पनेला विचारण्याऐवजी लोकांना त्यांच्या आयुष्याबद्दल प्रत्यक्ष काय वाटतं ते मोजा, असं त्यांचं म्हणणं. मला यातला मानसिक आजारांबद्दलचा भाग पूर्ण पटतो. पण त्यातून हिशोबाला लागणारी ० आणि १ ची पट्टी कशी बांधायची हे कोडं काही सुटत नाही, त्यामुळे रोजच्या कामात मी अजून सौदाच करते.

तुमच्यासाठी व्यवहाराचा नियम: निधी वाटपासाठीचा अभ्यास असेल तर सामान्य नागरिक, उपचार निवडण्यासाठी रुग्णाला मदत करायची असेल तर रुग्ण. काहीही निवडलं तरी अहवालात पहिल्याच पानावर लिहा.

पायरी ४: पद्धत निवडा

चार पद्धती ओळखून ठेवा.

पट्टीवर खूण करायला लावणं सगळ्यात सोपं, पण वर म्हटलं तसं त्यात काही सोडावं लागत नाही. सरावासाठी बरं.

‘स्टँडर्ड गॅम्बल’ म्हणजे जुगार. एकीकडे ही स्थिती आयुष्यभर, पक्की. दुसरीकडे एक उपचार: लागू पडला तर पूर्ण आरोग्य, नाही पडला तर तत्काळ मृत्यू. यश येण्याची किती शक्यता असेल तर घ्याल? ०.८५ वर दोन्ही सारखे वाटले, तर मोल ०.८५. फॉन नॉयमन आणि मॉर्गेनस्टर्न यांच्या १९४४ च्या सिद्धांतावर ही पद्धत उभी असल्यानं अर्थशास्त्रज्ञांना ती लाडकी. लोकांना नाही. शक्यता समजावताना दमछाक होते, आणि माणूस धोक्याला घाबरत असल्यानं आकडे सहसा वर्षांच्या सौद्यापेक्षा चढे येतात.

‘डिस्क्रीट चॉइस’ म्हणजे जोडीतून निवड: अ बरी की ब बरी? संगणकावर घरबसल्या भरता येते, शेकडो उत्तरं झटपट जमतात. मात्र यातून फक्त अंतरं कळतात, पट्टीवर ० आणि १ कुठे ते कळत नाही. ते टोक बांधायला सौद्याची उत्तरं लागतात किंवा जोडीत जगण्याची वर्षंही घालावी लागतात.

आणि वर्षांचा सौदा, ज्यावर बहुतेक मूल्यसंच उभे आहेत. पुढची पायरी त्याचीच.

पायरी ५: मुलाखत, जवळून

सरळ कार्डावर जाऊ नका. आधी सरावाचं उदाहरण द्या. युरोक्वॉलच्या पद्धतीत व्हीलचेअरवरचं जगणं वापरतात. संगणकाच्या पडद्यावर दोन पट्ट्या: ‘अ’ म्हणजे पूर्ण आरोग्याची काही वर्षं, ‘ब’ म्हणजे व्हीलचेअरवरची १० वर्षं. पहिला प्रश्न सोपा: १० वर्षं ठणठणीत की १० वर्षं व्हीलचेअरवर? सगळे अ म्हणतात. मग अ ला एकदम शून्यावर न्यायचं: आत्ता मृत्यू, की व्हीलचेअरवरची १० वर्षं? इथे बहुतेक जण ब कडे वळतात. मग ५, मग एकेक वर्षानं वरखाली, शेवटी अर्ध्या वर्षापर्यंत. जिथे माणूस “दोन्ही सारखंच” म्हणतो तिथे थांबायचं.

एक वाक्य कधीही गाळू नका: ‘या वर्षांनंतर दोन्हीकडे मृत्यू येतो’. माझ्या पहिल्या अभ्यासात मी ते घाईत गाळत होते. अकराव्या मुलाखतीत एका आजोबांनी सहज विचारलं, “दहा वर्षं झाल्यावर मी परत बरा होणार ना?” मी मागच्या दहाही मुलाखती बाजूला काढल्या. त्यांतल्या किती जणांच्या मनात तोच समज होता ते कळायला मार्गच नव्हता.

पुढचा संवाद बघा. कार्डावर तीव्र वेदना आणि रोजची कामं करता न येणं.

“पाच वर्षं ठणठणीत, की दहा वर्षं अशी?”
“दहा.”
“काका, काय विचार केलात तेवढं सांगाल का?”
“विचार काय, मुलगी शाळेत आहे. तिचं शिक्षण होईपर्यंत मला राहायला हवं. दुखलं तर दुखलं.”

हे उत्तर चूक नाही. त्यांनी वेदनेचं मोल सांगितलं नाही, मुलीसाठी हव्या असलेल्या वर्षांचं सांगितलं. या गोष्टी मुलाखतीत शिरणारच. त्यांना वळवायला जाऊ नका, शेजारच्या रकान्यात नोंदवा. ‘तुम्ही एकटेच आहात असं समजा’ म्हणणारा मुलाखतकार मी पाहिला आहे. त्याला पुढच्या दिवशी कामावरून कमी करावं लागलं. फक्त “मी विचार न करता आपलं काहीतरी म्हणालो” असं कोणी सांगितलं तर प्रश्न पुन्हा विचारा.

आता अवघड वळण. शून्य वर्षं, म्हणजे आत्ता मृत्यू, हेच कोणी निवडलं तर? म्हणजे ती स्थिती त्यांच्या लेखी मृत्यूपेक्षा वाईट. जुन्या पद्धतीत इथे प्रश्न बदलायचा: काही वर्षं त्या स्थितीत, मग काही वर्षं पूर्ण आरोग्यात, मग मृत्यू, किती आरोग्य मिळालं तर लगेच मरण्याइतकं वाटेल? गणित असं की १० पैकी ९.७५ वर्षं आरोग्याची हवीत म्हटलं तर मोल −९.७५ भागिले ०.२५, म्हणजे −३९. चांगल्या टोकाला १ आणि वाईट टोकाला −३९! सरासरी काढली तर दोन-चार माणसंच सगळा निकाल खेचून नेतील. यॉर्कच्या गटाला हे आकडे दाबून −१ च्या आत बसवावे लागले होते.

नव्या पद्धतीत युक्ती वेगळी आहे. दोन्ही बाजूंना आधी १० वर्षं आरोग्याची देतात. ब म्हणजे १० वर्षं ठणठणीत, त्यानंतर १० वर्षं ती स्थिती. अ म्हणजे पूर्ण आरोग्याची त्याहून कमी वर्षं. कोणी ६ वर थांबलं तर मोल (६ − १०) भागिले १०, म्हणजे −०.४. सगळ्यात खाली −१. ही १० वर्षं सौद्यासाठी दिलेली जादा रोकड आहे, असं मी नव्या मुलाखतकारांना सांगते.

सरावाच्या वेळीच व्हीलचेअरच्या उदाहरणात मृत्यूपेक्षा वाईटाचा पडदाही दाखवून ठेवा. तो पहिल्यांदा खऱ्या कार्डावर आला की लोक गोंधळतात आणि परत सुरक्षित बाजूला पळतात. शून्याच्या आसपास आकड्यांचा ढीग दिसला की मला आधी मुलाखतकाराचाच संशय येतो.

मुलाखत मृत्यूबद्दल आहे, हे विसरू नका. सुरुवातीला सांगा की कोणत्याही क्षणी थांबता येईल. नुकतंच घरात कोणी गेलेलं असेल तर ते पहिल्या पाच मिनिटांत चेहऱ्यावर दिसतं. कार्डं मिटवा, पाणी द्या, विचारपूस करा. ती मुलाखत अपूर्ण म्हणून नोंदवायची, बस्स.

पायरी ६: रोजच्या रोज तपासा

सगळ्या मुलाखती झाल्यावर तपासायला बसाल तर उशीर झालेला असेल. युरोक्वॉलच्या नियमावलीत चार धोक्याच्या खुणा आहेत आणि त्या अनुभवातून आल्या आहेत: व्हीलचेअरच्या उदाहरणाला ३ मिनिटांहून कमी वेळ, त्यात मृत्यूपेक्षा वाईटाचा पडदा न दाखवणं, सौद्याची १० कार्डं ५ मिनिटांच्या आत उरकणं, आणि सगळ्यात वाईट ५५५५५ ला दुसऱ्या एखाद्या कार्डापेक्षा किमान ०.५ नं जास्त मोल मिळणं. एखाद्या मुलाखतकाराच्या पहिल्या १० मुलाखतींपैकी ४ किंवा जास्त मुलाखतींत खुणा दिसल्या तर त्या दहाही वगळून त्याला पुन्हा शिकवायचं.

मी त्यात घरचं एक घालते: प्रत्येक मुलाखतकाराच्या उत्तरांचा उभ्या रेघांचा आलेख, एकाखाली एक. एकाच्या आलेखात सगळ्या रेघा १, ०.५ आणि ० वरच उभ्या असतील, तर तो अर्ध्यावरच “सारखंच ना?” विचारून पुढे सरकतो आहे.

पायरी ७: उत्तरांतून मूल्यसंच

५एल च्या ३,१२५ स्थिती कोणालाच विचारता येत नाहीत. प्रमाण आराखड्यात ८६ स्थिती १० गटांत वाटतात, प्रत्येकाला १० कार्डं येतात, सोबत जोडीतून निवडीचे ७ प्रश्न. साधारण १,००० लोक. बाकीच्या स्थितींचे आकडे या उत्तरांवर बसवलेलं सांख्यिकी मॉडेल सांगतं.

मॉडेलवर पानं भरता येतील, पण इथे फक्त मला महत्त्वाचं वाटतं तेवढंच. एकाच माणसाची दहा उत्तरं एकमेकांशी नातं ठेवतात, ते मॉडेलमध्ये धरा. −१ ला उत्तरं कापली जातात, कारण सौदा तिथेच संपतो. त्याचा विचार करा. वाईट स्थितींवर मतं जास्त पांगलेली असतात, तेही धरा. आणि शेवटी स्तर वाढला की मोल उतरतंय ना, ते डोळ्यांनी बघा. ‘बरीच वेदने’चं मोल ‘तीव्र वेदने’पेक्षाही खाली गेलं तर बहुधा दोष माणसांत नसतो, त्या दोन शब्दांच्या भाषांतरात असतो.

विसंगत उत्तरं देणाऱ्यांना सरसकट वगळण्याचा मोह टाळा. वगळायचेच असतील तर वगळून आणि न वगळता असे दोन्ही निकाल द्या.

पायरी ८: क्वालीत घाला

समजा एका रुग्णाचं मोल उपचाराआधी ०.०८८ होतं, सहा महिन्यांनी ०.६९१ आणि वर्षाअखेरीसही ०.६९१. दोन नोंदींच्या मधली रेघ सरळ धरतात. पहिले सहा महिने: दोन्हींची सरासरी ०.३८९५, गुणिले अर्धं वर्ष, ०.१९४७५. पुढचे सहा महिने: ०.६९१ गुणिले अर्धं, ०.३४५५. एकूण ०.५४. उपचाराविना तो ०.०८८ वरच राहिला असता तर वर्षभरात ०.०८८ क्वाली. फायदा ०.४५२.

दोन गटांची तुलना करताना सुरुवातीचं मोल दोन्हीकडे समान नसेल तर ते सांख्यिकी पद्धतीनं समायोजित करा, नाहीतर आधीपासूनच बरे असलेले रुग्ण उपचाराच्या खात्यात जमा होतात. आणि तारखा नीट निवडा. ईक्यू-५डी ‘आज’ची तब्येत विचारतं. अर्धशिशीच्या रुग्णाला तुम्ही ठरलेल्या मंगळवारी विचारलं आणि डोकं बुधवारी दुखलं, तर तुमच्या आकड्यांत तो ठणठणीत आहे. अशा आजारांत झटक्याच्या दिवशी भरायची वेगळी प्रश्नावली रुग्णाकडे घरी ठेवून द्या, आणि वर्षाला किती झटके येतात याची रोजनिशी. मोल आणि दिवस दोन्ही लागतात.

अहवालात दशांश चिन्हापुढे तीन आकडे देताना शेजारी विश्वासार्हतेची मर्यादाही (कॉन्फिडन्स इंटरव्हल) द्या. आणि त्याखाली तीन ओळी ठेवा: किती जणांनी एकही वर्ष द्यायला नकार दिला, किती जणांनी सगळी वर्षं दिली, आणि किती मुलाखती मधेच थांबवाव्या लागल्या. कुठलाही मूल्यसंच हातात आला की मी आधी त्याच तीन ओळी शोधते.